विंडोज ११चं नवं रूप: आई-वडिलांचा काँप्युटर वाचता येईल असा कसा लावून द्यावा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. त्याच्या आगेमागे आमच्या मुलुंडच्या सोसायटीत घरोघरी विंडोज ११ आलं आणि "जरा येऊन बघतेस का, सगळंच बदललंय" असे फोन मला सुरू झाले. सगळं बदललेलं नाही. मधली विंडोज ८ सोडली तर १९९५पासून डाव्या कोपऱ्यात असलेलं स्टार्टचं बटण मधोमध आलं, खिडक्यांचे कोपरे गोल झाले, राइट क्लिकचा मेन्यू आखडला. सत्तरीच्या माणसाचा हात वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात गेलेला असतो, म्हणून त्याला हे सगळं बदलल्यासारखं वाटतं.

अपग्रेड कसं करायचं ते इथे सांगत नाही. फक्त त्याआधी जुन्या डेस्कटॉपचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. कुठलं चिन्ह कुठे होतं हे नंतर कोणालाच आठवत नाही.

स्टार्ट डावीकडे न्या. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार (पडद्याच्या तळाची पट्टी), टास्कबार बिहेवियर्स. तिथे अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. त्याच पानावर विजेट्स, म्हणजे हवामान-बातम्यांचा फलक, बंद करा.

राइट क्लिक. शिफ्टची कळ दाबून राइट क्लिक केलं की जुना मेन्यू येतो. एवढं शिकवा आणि थांबा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदींत, हात घालू नका. जुनं रूप परत आणून देणारी फुकटची सॉफ्टवेअरही टाकू नका. शेजारच्या काकांकडे मी तसं एक टाकलं होतं. पुढच्या मोठ्या अपडेटनंतर टास्कबार दिसेनासा झाला आणि काका दोन दिवस काँप्युटर बंद कसा करायचा म्हणून बसून राहिले.

अक्षरांचा आकार. खरं काम इथे आहे आणि सर्वांत वाईट सल्लेही इथेच मिळतात. "रिझोल्यूशन कमी करा, अक्षरं मोठी होतील" असं दुरुस्तीवाला सांगतो, भाचा सांगतो. रिझोल्यूशन म्हणजे पडद्यावरचं चित्र किती ठिपक्यांत मांडायचं तो आकडा. मलाही कोणी तरी तेच सांगितलं होतं आणि मी गिरगावात मावशीच्या लॅपटॉपवर तसं करून आले. अक्षरं मोठी झाली. आठवड्याने मावशीचा फोन: "डोळे दुखतात गं, आणि हिशेबात हे 'पप दुरुस्ती' काय आहे?" चाळीच्या खर्चाच्या कागदात 'पंप' होतं. अनुस्वार पुसटून शिरोरेषेत मिसळला होता.

कारण साधं आहे. लॅपटॉपच्या पडद्यावरचे ठिपके कारखान्यातच मोजून बसवलेले असतात. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्याला १३६६ बाय ७६८चं चित्र दिलं, तर तो ते ताणून बसवतो आणि प्रत्येक कड धूसर होते. रोमन अक्षरं त्यातही ओळखू येतात. देवनागरीचं तसं नाही. भ आणि म, ध आणि घ, थ आणि य यांच्यातला मुख्य फरक शिरोरेषेपाशी आहे. तिथे रेषा तुटते की सलग जाते, एवढ्यावर अक्षर ठरतं, आणि धूसर पडद्यावर नेमकी तीच फट आधी बुजते. विंडोजचा निर्मला हा टंक मुळात स्वच्छ आहे. मराठी पुसट दिसत असेल तर आधी रिझोल्यूशन तपासा.

म्हणून क्रम असा, आणि तो मोडू नका. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्लेमध्ये जाऊन ज्या रिझोल्यूशनपुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तेच ठेवा. मग त्याच पानावरचं 'स्केल' बघा, ते अक्षरं, चिन्हं, खिडक्या सगळंच टक्क्यांत मोठं करतं. पंधरा इंची, १९२० बाय १०८०च्या पडद्यावर मी १२५ ठेवते, नजर फारच अधू असेल तर १५०. पण जुना १३६६ बाय ७६८चा पडदा असेल तर स्केल १००वरच राहू द्या. तिथे १२५ केलं की कामाला जागा उरते ती १०९३ बाय ६१४ एवढीच, १५०ला ९११ बाय ५१२. मग काही खिडक्यांचं तळाचं 'ओके' पडद्याबाहेर जातं आणि माणूस अडकतो.

अशा पडद्यावर, किंवा स्केलने भागलं नाही तर, 'ॲक्सेसिबिलिटी'मधलं 'टेक्स्ट साइझ' वापरा. ते १०० ते २२५ टक्क्यांपर्यंत जातं आणि फक्त अक्षरं वाढवतं. मी ११५ला सुरुवात करते, एकेक पायरी वर जाते. १४०च्या पुढे गेलात तर जुन्या सॉफ्टवेअरच्या बटणांवरची अक्षरं कापली जात नाहीत ना, हे उघडून बघा. स्केल बदलल्यावर साइन आउट करून परत या, नाही तर काही जुने प्रोग्रॅम तेवढ्यापुरते धूसरच दिसत राहतात.

शेवटी स्टार्टमध्ये इंग्रजीत क्लिअरटाइप हा अक्षरं स्पष्ट करून देणारा विंडोजचाच प्रोग्रॅम शोधा. दोन-चार नमुने दाखवून कुठला स्पष्ट दिसतो ते तो विचारतो. उत्तर तुम्ही देऊ नका. ज्याचा काँप्युटर त्याला त्याच्या खुर्चीत, त्याच्याच चष्म्यासकट बसवा आणि निवडू द्या. तुमच्या तिशीतल्या डोळ्यांना सगळेच नमुने सारखे दिसतात.

नोटपॅडमध्ये 'भम धघ थय पंप' एवढं लिहून मोठ्याने वाचायला सांगा. अडखळले तर टेक्स्ट साइझ अजून एक पायरी वाढवा. मावशीकडे ते १२०वर ठरलं, रिझोल्यूशन मूळचं ठेवून. तेव्हापासून हिशेबाचे कागद ती स्वतः वाचते.

माउसचा बाण. ॲक्सेसिबिलिटीतच आहे. आकार दोन-तीन पायऱ्या वाढवा, रंग गडद निवडा.

मराठी टायपिंग. 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये मराठी भाषा जोडा, तिच्या पर्यायांत मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारांवरून मराठी लिहिण्याचा) कळफलक घ्या. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. ही जोडी जाड पेनाने कागदावर लिहून पडद्याखाली चिकटवा.

आता तो फोटो उघडा आणि डेस्कटॉपवरची चिन्हं जुन्या जागी ओढून बसवा.