करिअर मेळावा, टेबलाच्या दोन्ही बाजूंनी

करिअर मेळाव्यातून, म्हणजे कंपन्या स्टॉल लावून विद्यार्थ्यांना भेटतात तिथून, परत आलेल्या मुलांना ‘कसा झाला?’ विचारलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक, ‘काही उपयोग नाही, सगळे वेबसाइटवरच फॉर्म भरायला सांगतात.’ आणि दुसरं, ‘भारी होता, सगळे रेझ्युमे वाटून संपले!’ मला काळजी वाटते ती दुसऱ्या उत्तराची. नुसते रेझ्युमेच वाटायचे असतील तर ते घरबसल्या होतं, त्यासाठी दिवसभर पाय दुखवून घ्यायची गरज नाही.

मी काही वर्षं कंपनीच्या स्टॉलवर बसले आणि नंतर कॉलेजच्या करिअर विभागात आले. आता मुलांना त्याच स्टॉलसमोर उभं राहायला तयार करते. मेळाव्यात नोकऱ्या वाटत नाहीत, हे मी नवख्यांना आधीच सांगून टाकते. तिथे माणसं भेटतात, आणि त्यांना जाहिरातीत न छापलेलं बरंच काही ठाऊक असतं. ते काढून घ्यायचं आणि झालेली ओळख दुसऱ्या दिवशी विरून जाऊ द्यायची नाही, सगळी तयारी एवढ्याचसाठी.

टेबलापलीकडे काय चालतं ते बघा. मुलगा येतो, रेझ्युमे पुढे करतो. आमची नजर कागदावरून झरझर खाली जाते: शाखा, वर्ष, एखादा प्रकल्प, इंटर्नशिप. ‘लॅडर्स’ या अमेरिकी नोकरी संकेतस्थळाने २०१८ मध्ये नजरेचा माग घेऊन पाहणी केली होती. रिक्रूटर, म्हणजे भरती करणारी माणसं, पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेवर सरासरी ७.४ सेकंद घालवतात असं तिच्यात दिसलं. आकडा थोडा इकडेतिकडे धरा, पण गर्दीच्या स्टॉलवर याहून जास्त वेळ मिळत नाही हे मी स्वतःच्या डोळ्यांवरून सांगू शकते. मग दोन-तीन मिनिटं बोलणं होतं. मुलगा वळला की आम्ही कागदाच्या कोपऱ्यात पेनाने दोन-तीन शब्द खरडतो: ‘टेस्टिंगमध्ये रस, प्रश्न चांगले’, ‘प्रकल्प स्वतः केलाय’, ‘जूनपासून मोकळी’. पुढचा मुलगा समोर आलेला असतो, त्यामुळे यापेक्षा जास्त लिहायला सवड नसते. काही जणांबद्दल मात्र लिहिण्यासारखं काहीच सुचत नाही. कोपरा कोरा राहतो आणि कागद मोठ्या गठ्ठ्यात जातो. संध्याकाळी पुढच्या फेरीची नावं काढताना आधी हातात येतात ते कोपऱ्यात काहीतरी लिहिलेले कागद. कोरा कागद वाईट मुलाचा असतो असं नाही. त्याची आठवणच राहिलेली नसते.

म्हणून आमच्याकडे मेळाव्याआधी एक तालीम होते. वर्गात टेबलं लावून निम्म्या मुलांना स्टॉलवर बसवायचं आणि उरलेल्यांना रांगेत उभं करायचं. बसलेल्यांनी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तीन शब्द लिहायचे, एवढाच नियम. अर्ध्या तासात बसलेली मुलं वैतागतात, कारण बहुतेकांबद्दल ‘हुशार, नम्र, चांगला’ यापलीकडे काही लिहिता येत नाही. मग अदलाबदल करायची. दुसऱ्या फेरीत रांगेतली मुलं एकदम वेगळी बोलतात, कुणी शिकवायला लागत नाही. चार मित्र जमवून वसतिगृहाच्या खोलीतही हे करता येतं.

आता घरच्या तयारीकडे येऊ. कंपन्यांची यादी बहुधा काही दिवस आधी मिळते. ती मिळूनही न उघडणारी मुलं किती असतात हे सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. यादीतून पाच-सहा नावं निवडा, पंचवीस नकोत. त्यातल्या दोन-तीन अगदी मनापासून हव्या असलेल्या, दोन ‘चालतील’ अशा आणि निदान एक अशी, जिचं नाव कधी ऐकलेलं नाही. सुरुवात ‘चालतील’वाल्यांपासून करा. पहिल्या स्टॉलवर जीभ अडखळतेच, ती तिथे मोकळी होऊ द्या. न ऐकलेल्या नावाचा हट्ट मी धरते, त्याला कारण आहे. ज्या कंपन्या आपला माल दुसऱ्या कंपन्यांना विकतात, त्यांची नावं घरोघरी पोचत नाहीत. त्यांच्यासमोर रांग छोटी असते आणि बोलायला निवांत वेळ मिळतो. आपल्या शाखेचा नाही म्हणून एखादा स्टॉल ओलांडून जाऊ नका. रुग्णालयाला हिशेबनीस लागतो, बँकेला प्रोग्रॅमर लागतो, विमा कंपनीला संख्याशास्त्राचा माणूस लागतो.

प्रत्येक कंपनीला वीस-पंचवीस मिनिटं द्या. ‘आमच्याविषयी’ हे पान वाचून फार काही हाती लागत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. त्यापेक्षा त्यांच्या नोकरीच्या तीन-चार जाहिराती शेजारी शेजारी ठेवा आणि परत परत येणारे शब्द अधोरेखित करा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल वेबसाइटवर फुकट मिळतो. अख्खा वाचू नका. त्यातला धोके आणि आव्हानं सांगणारा भाग तेवढा चाळा. कंपनीला कशाची धास्ती आहे ते तिथे तिनेच लिहिलेलं असतं, आणि त्यावरून सुचलेला प्रश्न स्टॉलवरच्या माणसाला दिवसभरात दुसऱ्या कुणी विचारलेला नसतो.

प्रश्नांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. ‘तुमची कंपनी काय करते?’ हा प्रश्न म्हणजे मी घरून काही बघून आलेलो नाही याची कबुली. ‘काही व्हेकन्सी आहे का?’ विचारलं की ‘वेबसाइट बघा’ हेच उत्तर येणार, बोलणं तिथेच संपलं. त्याऐवजी असं विचारून बघा: ‘तुमच्या जाहिरातीत क्लायंट सपोर्ट आणि डेव्हलपमेंट दोन्ही लिहिलंय. नवीन माणसाचे पहिले सहा महिने प्रत्यक्षात कशात जातात?’ किंवा ‘गेल्या वर्षी घेतलेल्या फ्रेशर्सना कोणती गोष्ट येत नव्हती म्हणून तुम्हाला शिकवावी लागली?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पुढच्या तीन महिन्यांत काय शिकायचं हे आयतं कळतं.

प्रश्न कुणाला विचारताय तेही पाहा. स्टॉलवर बहुधा दोन तऱ्हेची माणसं असतात, एक एचआरचं, म्हणजे भरतीचं काम बघणारं, आणि दुसरं प्रत्यक्ष काम करणारं, कधीकधी नुकतंच रुजू झालेलं. मुलं हटकून पहिल्याभोवती गर्दी करतात आणि दुसरा पाण्याची बाटली फिरवत उभा असतो. तारखा, पात्रता, निवडीच्या फेऱ्या हे एचआरला विचारा. काम कसं आहे, दिवस कसा जातो, वरिष्ठ वेळ देतात का, हे त्या दुसऱ्याला. ‘इथे कुठल्या स्वभावाचा माणूस रमत नाही?’ हा माझा आवडता प्रश्न. थेट ‘लोक सोडून का जातात?’ विचारलं तर माणूस सावध होतो, असं विचारलं तर बराच मोकळा बोलतो. पगाराचा विषय काढूच नये असं सांगणारे पुष्कळ आहेत, मला ते पटत नाही. पहिल्या वाक्यात काढू नये हे खरं, पण जाहिरातीत आकडा नसेल तर शेवटी एचआरला ‘साधारण कितीपासून सुरुवात असते?’ विचारण्यात काही गैर नाही.

स्वतःची ओळख अर्ध्या मिनिटात आटपावी आणि तिचा शेवट प्रश्नाने व्हावा. तालमीत एका मुलीची जमून आलेली ओळख साधारण अशी होती: ‘नमस्कार मॅडम, मी संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सत्रात बसच्या वेळापत्रकांच्या डेटावर प्रकल्प केला. निम्मा वेळ डेटा साफ करण्यातच गेला, आणि मला तेच काम आवडलं. तुमच्याकडे डेटा क्वालिटीची जागा आहे असं वाचलं. ती टीम नेमकं काय तपासते?’ कोपऱ्यात काय लिहायचं ते तिने आयतं हातात दिलं. मात्र हे घोकून जाऊ नका. मुद्दे डोक्यात ठेवा, वाक्यं तिथल्या तिथे होऊ द्या. पाठ केलेलं बोलणं दुसऱ्याच वाक्याला ओळखू येतं.

घोळक्याने फिरू नका. चौघे येतात, एक बोलतो, तिघे माना डोलावतात, आणि आमच्या लक्षात चौघांपैकी एकही राहत नाही. मैत्रिणीबरोबर जायचं तर जा, पण आत शिरल्यावर फुटा आणि तासाभराने भेटून काय कळलं ते एकमेकींना सांगा. बुजऱ्या मुलांनी अगदी सुरुवातीला पोचावं. तेव्हा गर्दी आणि गोंगाट कमी असतो, समोरची माणसंही ताजी असतात. शेवटच्या अर्ध्या तासात अर्धे लोक बॅनर गुंडाळत असतात. कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. इस्त्रीचे असावेत, आणि बूट तीन तास उभं राहता येईल असे. पेनं, बाटल्या, पिशव्या मिळतात, त्या बोलणं झाल्यावर घ्या, आधी नको. कुणी काही म्हणत नाही, पण सगळ्यांना दिसतं.

‘वेबसाइटवर फॉर्म भरा’ हे ऐकून मुलांना बोळवण केल्यासारखं वाटतं. बऱ्याच मोठ्या कंपन्यांमध्ये सगळे अर्ज एकाच सॉफ्टवेअरमधून जातात, त्यामुळे स्टॉलवरच्या माणसाने मनात आणलं तरी कागदावर अर्ज घेता येत नाही. तेव्हा नाराज न होता लगेच पुढचं विचारा: कुठल्या नावाची जागा शोधू, शेवटची तारीख कधी, आणि आपलं इथे बोलणं झाल्याचा उल्लेख फॉर्ममध्ये कुठे करू? त्या सॉफ्टवेअरसाठी एक सोपी चाचणी आहे. आपल्या रेझ्युमेची पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाका. दोन रकाने, तक्ते, चौकटी यांमुळे तिथे खिचडी झाली, तर सॉफ्टवेअरमध्येही तीच होण्याची शक्यता मोठी. मग सरळ एका रकान्याचा साधा रेझ्युमे करा. त्यावर जन्मतारीख, घरचा पूर्ण पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक घालू नका. हे कागद दिवसभर टेबलांवर उघडे पडलेले असतात. आणि नोंदणी शुल्क, अनामत रक्कम किंवा मूळ प्रमाणपत्रं मागणारा कुणी भेटला तर स्टॉल कितीही झगमगीत असो, तिथून निघा आणि आयोजकांच्या कानावर घाला.

मेळावा ऑनलाइन असेल तर खेळ वेळेचा असतो. एकास-एक भेटीच्या जागा आधी नोंदवाव्या लागतात, आणि दहा मिनिटांच्या भेटीतली दोन ‘आवाज येतोय का?’ मध्ये जातात. माइक आदल्या दिवशी तपासा.

आता ज्या भागात बहुतेक जण ढेपाळतात, तो: झालेली ओळख टिकवणं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला आणि १९७३ मध्ये तो मांडला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटत असत. ५५.६ टक्के अधूनमधून भेटत आणि २७.८ टक्के क्वचितच. जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असतं तेच ठाऊक असतं, नवी बातमी आणतो तो लांबचा. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइन या कामाच्या ओळखी जोडणाऱ्या संकेतस्थळावरच्या दोन कोटींहून अधिक लोकांचा पाच वर्षांचा अभ्यास आला. त्यातून दिसलं की सगळ्यात उपयोगी पडते ती मधली ओळख, फार घट्ट नाही आणि अगदी नावापुरतीही नाही.

स्टॉलवर झालेली दोन-तीन मिनिटांची ओळख नावापुरतीच असते. तिला त्या मधल्या पायरीवर आणणं आपल्या हातात आहे, आणि ते काम मेळाव्याच्या मांडवातच सुरू होतं. प्रत्येक स्टॉलनंतर बाजूला होऊन तीन ओळी लिहा: माणसाचं नाव, त्याने सांगितलेली एक गोष्ट, आपण काय करायचं कबूल केलं. चौथ्या स्टॉलनंतर पहिला माणूस चेहऱ्यानिशी पुसट होतो. मग दुसऱ्या दिवशी छोटी मेल किंवा लिंक्डइनवर निरोप: ‘नमस्कार सर, काल मेळाव्यात आपण टेस्टिंगच्या कामाबद्दल बोललो होतो. तुम्ही सुचवल्याप्रमाणे ज्युनियर टेस्टरच्या जागेसाठी अर्ज केला आहे. ऑटोमेशनचा कोर्सही आज सुरू केला. वेळ दिलात त्याबद्दल आभार.’ रेझ्युमे जोडून ‘काही असल्यास कळवा’ असं लिहिलेली मेल मी वाचून बाजूला ठेवत असे. वरच्यासारखीला उत्तर द्यायला कारण असतं.

उत्तर आलं नाही म्हणून मागे लागू नका, पण दोनेक महिन्यांनी तो कोर्स संपला की एकदा कळवा. त्या मेलमध्ये काही मागायचं नाही. तुम्ही सांगितलं ते केलं, त्यातली ही गोष्ट अवघड गेली, एवढंच. स्टॉलवर मी ज्यांना काही सुचवलं, त्यांच्यातली असं कळवणारी मुलं इतकी थोडी होती की त्यांची नावं मला अजून आठवतात. त्यातल्या काहींना जागा निघाली तेव्हा मी स्वतःहून फोन केला होता. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तर ही आयती संधी आहे. त्यांना लगेच काही मागायचं नसतं, समोरच्यालाही ते माहीत असतं, त्यामुळे बोलणं निवांत होतं. पुढच्या वर्षी त्याच स्टॉलसमोर ‘मॅडम, गेल्या वर्षी तुम्ही सांगितलं होतं ना…’ म्हणत जाता येतं.