छापील घडणींपासून शोभेच्या कागदी वस्तू: घरच्या प्रिंटरवर नेटके काम कसे करावे

छापून तयार करायच्या कागदी वस्तूंची कृती बहुधा ‘छापा, कापा, चिकटवा’ एवढ्या तीन शब्दांत उरकली जाते. या तिन्हींमध्ये घडीचा उल्लेख नसतो, आणि वस्तू देखणी होणार की बेढब, हे बहुतांशी घडीवरच ठरते. रंगीत नक्षी कितीही सुरेख असली तरी कडा फुगलेल्या आणि कोपरे उघडे राहिलेले असतील, तर नजर आधी तिकडेच जाते. म्हणून पुढील मार्गदर्शनात चित्रापेक्षा कागद, रेघ आणि घडी यांवर अधिक भर दिला आहे, आणि शेवटी बारा पंचकोनांचा टांगता गोळा करण्याची कृती सविस्तर सांगितली आहे.

फाइल आणि तिचे माप

घडण म्हणजे कापून, दुमडून वस्तू करण्यासाठी छापायचा सपाट नमुना. तिची फाइल शक्यतो पीडीएफ किंवा एसव्हीजी स्वरूपात असावी, कारण त्यांत रेषा रेषा म्हणूनच साठवता येतात आणि आकार वाढवला तरी त्या फाटल्यासारख्या दिसत नाहीत. केवळ चित्राची फाइल उपलब्ध असेल, तर ए-फोर आकाराच्या पूर्ण पानासाठी ती साधारण 2480 × 3508 पिक्सेलची असावी. म्हणजे दर इंचाला 300 ठिपके मिळतात आणि बारीक नक्षी स्पष्ट उमटते. स्वतः आखणी करायची असल्यास इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. दुसऱ्याने तयार केलेली घडण वापरताना तिच्यासोबत दिलेल्या अटी वाचाव्यात, कारण अनेक फाइली केवळ वैयक्तिक वापरापुरत्याच मोफत असतात आणि त्यांपासून केलेल्या वस्तू विकता येत नाहीत.

छापताना सर्वांत जास्त घोटाळा मापाचा होतो. प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ हा पर्याय निवडलेला राहिला, तर पान नकळत लहान किंवा मोठे होते. लेटर आकाराचा कागद 216 × 279 मिलिमीटरचा आणि ए-फोर 210 × 297 मिलिमीटरचा असतो, त्यामुळे लेटरसाठी बनवलेली घडण ए-फोरवर ‘बसवून’ छापली की ती सुमारे तीन टक्के किंवा त्याहून थोडी अधिक आकसते. सगळे भाग सारखेच आकसले तर बिघडत नाही. पण एक पान बसवून आणि दुसरे मूळ मापात छापले गेले, तर झाकण डब्यावर बसत नाही. यासाठी ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ किंवा 100 टक्के हा पर्याय निवडावा, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात 5 सेंटिमीटर बाजूचा एक चौरस आखून ठेवावा आणि छापल्यावर तो मोजपट्टीने दोन्ही दिशांनी मोजावा. बहुतेक घरगुती प्रिंटर कागदाच्या कडेचे काही मिलिमीटर छापत नाहीत, हे लक्षात घेऊन घडण कडेपासून किमान एक सेंटिमीटर आत ठेवणे बरे.

कागद

कागदाची जाडी व्यवहारात जीएसएमने, म्हणजे एका चौरस मीटरच्या ग्रॅममधील वजनाने, सांगितली जाते. रोजचा छपाईचा कागद 70 ते 80 जीएसएमचा असतो. तो चुण्यांच्या फुलांना आणि साखळ्यांना चालतो, पण डबे, तारे किंवा गोळे यांसाठी लुळा पडतो. त्यांसाठी 160 ते 200 जीएसएमची कार्डशीट योग्य. याहून जाड कागद घरच्या प्रिंटरमध्ये अडकण्याचा संभव असतो, त्यामुळे आपल्या यंत्राची मर्यादा माहितीपुस्तिकेत पाहूनच तो घालावा, आणि मागून सरळ कागद घालण्याची सोय असेल तर तीच वापरावी, म्हणजे कागदाला आत तीव्र वळण घ्यावे लागत नाही.

घरात पडून असलेल्या कागदाची जाडी ठाऊक नसेल, तर ती वजनावरून काढता येते. ए-फोरचे क्षेत्रफळ एका चौरस मीटरचा सोळावा भाग असते; त्यामुळे दहा पाने एकत्र तोलून जितके ग्रॅम भरतील त्यांना 1.6 ने गुणले की जीएसएम मिळतो. दहा पानांचे वजन 100 ग्रॅम आले, तर कागद 160 जीएसएमचा आहे.

यंत्रावर कागद तयार होताना त्यातील तंतू मुख्यत्वे एकाच दिशेने पसरतात. या दिशेला समांतर घातलेली घडी सरळ आणि स्वच्छ बसते, तर आडवी घातलेली घडी खरबरीत होते आणि जाड कागदावर तिथे छपाईला तडे जातात. दिशा ओळखण्यासाठी पान टेबलावर ठेवून, घडी न घालता, आधी लांबीने आणि मग रुंदीने हलकेच वाकवून पाहावे: ज्या बाजूने वाकवताना विरोध कमी जाणवतो, त्या वाकीला समांतर तंतू असतात. लांबट डबा करायचा असेल, तर घडणीच्या लांब घड्या तंतूंना समांतर येतील अशी ती पानावर फिरवून घ्यावी. चुण्या घालून केलेल्या पंख्यात किंवा चक्रात तर हे पाळलेच पाहिजे. तिथे दिशा चुकली की एकही चुणी धड बसत नाही.

शाई

इंकजेट प्रिंटरची शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असेल, तर ओल्या बोटाने किंवा पातळ गोंदाने ती पसरते. रंगकणांची शाई तुलनेने टिकाऊ असते आणि उजेडातही उशिरा विटते. कोणतीही असो, गडद रंगाचे पान छापल्यावर ते निदान अर्धा-एक तास मोकळे वाळू द्यावे. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसून प्लास्टिकयुक्त भुकटी उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असते. ती पाण्याने पसरत नाही, पण घडीवर तडकून पांढरी रेघ दिसू लागते. उपाय सोपा आहे: मिळत्याजुळत्या रंगाच्या पेन्सिलीची बाजू घडीवरून आणि कापलेल्या कडांवरून अलगद फिरवावी. हे काम चिकटवण्याच्या आधी करावे. नंतर पेन्सिल आतल्या कोपऱ्यांत पोहोचत नाही. पाच मिनिटांच्या या कामाने वस्तूचा घरगुतीपणा जितका झाकला जातो, तितका महागड्या कागदानेही झाकला जात नाही.

पडद्यावर रंग स्वतः उजळत असतात, कागदावर ते परावर्तित उजेडाने दिसतात, त्यामुळे छापील प्रत नेहमी थोडी काळसर भासते. मूळ नक्षी किंचित फिकी ठेवावी आणि पूर्ण पान छापण्यापूर्वी तिचा एक छोटा तुकडा त्याच कागदावर छापून पाहावा.

आधी रेघ, मग काप

घडीची रेघ कापण्यापूर्वी मारावी. पान अखंड असताना ते हलत नाही आणि मोजपट्टीला टेकायला पुरेशी जागा असते. एकदा आकार कापून मोकळा झाला की अरुंद कानांवर पट्टी धरणे अवघड जाते. कान म्हणजे घडणीच्या कडेला चिकटवण्यासाठी सोडलेल्या पट्ट्या. रेघ मारण्यासाठी शाई संपलेले बॉलपेन उत्तम, आणि खाली वर्तमानपत्राची चार-पाच पाने ठेवावीत, म्हणजे टोक कागदात किंचित रुतते पण त्याला फाडत नाही. बाहेर येणाऱ्या घड्यांची रेघ छापील बाजूने मारावी आणि घडी त्या खोबणीच्या उलट दिशेने, म्हणजे खोबण बाहेरच्या बाजूला राहील अशी घालावी. आत जाणाऱ्या घडीसाठी रेघ मागून मारावी लागते. पानाच्या मागे तिची जागा कळावी म्हणून तिच्या दोन्ही टोकांना टाचणीने भोक पाडून घ्यावे. तुटक रेघ म्हणजे कोणती घडी, हा संकेत सर्व घडणींत सारखा नसतो, म्हणून फाइलमधील खुणांचा खुलासा आधी पाहावा.

कापताना सरळ रेषांसाठी कटर आणि धातूची पट्टी, तर वळणांसाठी लहान टोकदार कात्री घ्यावी. प्लास्टिकच्या पट्टीच्या कडेत पाते घुसते आणि काप भरकटतो. आतल्या खिडक्या आधी आणि बाहेरची कड शेवटी कापावी. कटरवर जोर देण्यापेक्षा त्याच रेघेवरून दोन-तीनदा हलका हात फिरवावा, आणि वळणावर कात्री स्थिर ठेवून कागद फिरवावा. पट्टी धरणारी बोटे पात्याच्या मार्गात कधीही नसावीत, आणि मुले सोबत असतील तर कटरचे काम मोठ्यांनीच करावे. कागदाचा तंतू ओढला जाऊ लागला की पाते बोथट झाले असे समजावे.

गोंदाविषयी थोडक्यात: पांढऱ्या गोंदात पाणी असते, म्हणून तो दातकोरणीच्या टोकाने, कानावर पातळ थर होईल इतकाच लावावा. पातळ कागदाला ग्लू स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी, कारण त्यावर सुरकुत्या येत नाहीत.

बारा पंचकोनांचा गोळा

घन आकृत्यांच्या सपाट घडणी छापण्याची कल्पना जुनी आहे. न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने 1525 साली त्या प्रसिद्ध केल्या होत्या. बारा सुसम पंचकोनांची आकृती शोभेसाठी विशेष सोयीची ठरते, कारण ती जवळपास गोल दिसते आणि तिचे प्रत्येक पृष्ठ वेगळ्या नक्षीने भरता येते.

बाजू 3 सेंटिमीटर ठेवली, तर गोळ्याची समोरासमोरच्या पृष्ठांमधील उंची सुमारे 6.7 सेंटिमीटर होते आणि संपूर्ण घडण एका ए-फोर पानावर मावते. मध्ये एक पंचकोन आखावा, त्याच्या एका बाजूवर त्याचेच आरशातले प्रतिबिंब ठेवावे आणि ती पाकळी मध्याभोवती 72 अंशांनी फिरवत पाच पाकळ्या पूर्ण कराव्यात. अशी दोन फुले पानावर एकाखाली एक ठेवावीत. प्रत्येक पाकळीच्या एकाच बगलेला एक कान द्यावा, म्हणजे प्रत्येक फुलाला पाच कान होतात. याखेरीज पाकळ्यांच्या बाहेरच्या दहा बाजूंना कान केवळ पहिल्या फुलालाच हवेत. एकूण वीस कान झाले, सात मिलिमीटर रुंदीचे. बगलेच्या कानांबाबत एक गोष्ट सांभाळावी: दोन पाकळ्यांमध्ये मधल्या पंचकोनाशी फक्त 36 अंशांची फट असते, त्यामुळे कानाचे तिकडचे टोक 30 अंशांच्या आसपास तिरके कापलेले हवे, नाहीतर ते शेजारच्या पाकळीवर चढते.

आता रेघा मारायच्या: दहा पाकळ्यांच्या आणि वीस कानांच्या, अशा एकंदर तीस. घडी घालताना पाकळी पूर्ण उलटी दुमडून दाबू नये. या आकृतीत दोन पृष्ठांमधील कोन सुमारे 116.6 अंशांचा असतो, म्हणजे पाकळी सपाट स्थितीपासून जेमतेम 63 अंश वळवायची असते. त्याहून थोडी जास्त वळवून सोडली की कागद हव्या त्या जागी स्थिरावतो. घट्ट दाबलेली घडी मात्र लुळी पडते आणि पुढे गोळा जोडाशी पिचतो.

बाहेरच्या बाजूंनाही कान असलेल्या पहिल्या फुलाचे पाचही जोड चिकटवून त्याची वाटी करावी. दुसऱ्या फुलाच्या चारच पाकळ्या एकमेकींना जोडाव्यात आणि पाचवी दोन्ही बगलांनी मोकळी ठेवावी. तीच शेवटी झाकण होणार आहे. पहिल्या वाटीच्या मधल्या पंचकोनाच्या एका कोपऱ्यातून दोरा ओवून, आत मणी अडकवून गाठ मारावी. मग दोन्ही वाट्या एकमेकींत बसवाव्यात आणि एका वेळी दोन कानांना गोंद लावत, मोकळ्या पाकळीच्या जागेतून आत बोट घालून प्रत्येक जोड आतून दाबावा. असे आठ कान झाले की झाकणाच्या भोवतालचे उरलेले कान आणि झाकणाचा स्वतःचा कान यांना एकदमच गोंद लावावा, आधी झाकणाचा कान शेजारच्या पाकळीखाली सरकवावा आणि मग झाकण खाली आणावे. आता आतून दाबता येत नाही, म्हणून इथे गोंद किंचित जास्त लावलेला चालतो. कड बोटांनी मिनिटभर चिमटीत धरून ठेवावी.

गोळ्यातून उजेड यावा असे वाटल्यास पंचकोनांत खिडक्या कापाव्यात, मात्र घडीपासून किमान पाच मिलिमीटर कागद शिल्लक ठेवावा आणि मागून पातळ पारदर्शक कागद चिकटवावा. आत केवळ बॅटरीवर चालणारा लहान एलईडी दिवा घालावा. मेणबत्ती किंवा तापणारा बल्ब कागदाच्या कोणत्याही वस्तूत ठेवू नये. दिवा बदलता यावा म्हणून अशा गोळ्याच्या झाकणाला गोंदाऐवजी पुन्हा निघणाऱ्या टेपचा छोटा तुकडा लावावा. इंकजेटवर छापलेला गोळा थेट ऊन येणाऱ्या खिडकीत टांगू नये, तिथे त्याचे रंग लवकर उडतात.