संगणकाच्या वॉटर कूलिंगचा रेडिएटर गळतोय: डाख लावण्याआधी भोक शोधा

गळका रेडिएटर हातात आला की आधी एम-सील लिंपायचा मोह होतो. तो आवरा. गळती चुकीच्या जागी बुजवली, तर खरं भोक त्या लेपाखाली दडतं आणि मग दुरुस्ती दुप्पट अवघड होते.

लूप, म्हणजे पाणी फिरण्याचा पूर्ण मार्ग, रिकामा करून रेडिएटर सुटा काढा. एका पोर्टला (पाणी आत-बाहेर जाण्याच्या तोंडाला) प्लग आणि दुसऱ्याला गेज असलेला लीक टेस्टर (हवा भरून दाब दाखवणारा पंप) लावा. ०.५ बार हवा भरा आणि बादलीत बुडवा. सुरुवातीला फिनमध्ये, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पट्ट्यांमध्ये, अडकलेली हवा सगळीकडून निघते. रेडिएटर पाण्यातच दोन-चारदा हलवा. त्यानंतरही एकाच जागेवरून बारीक बुडबुड्यांची माळ येत राहिली, तर भोक तिथेच आहे.

ही माळ बहुतेकदा स्क्रूच्या भोकाखालून निघते. २५ मिमी जाडीच्या पंख्यासाठी दिलेले ३० मिमीचे स्क्रू पंखा न लावता थेट केसच्या पत्र्यातून पिळले, की टोक सरळ नळीत घुसतं. पत्र्यासाठी ५-६ मिमीचेच स्क्रू हवेत. स्क्रू जड जाऊ लागला तर थांबा. तो एम३चा (मिलिमीटरच्या मापाचा) आहे की ६-३२चा (इंची मापाचा), हेही तपासा, कारण दोघांचे आटे वेगळे असतात.

आता एका कोपऱ्यातला रंग खरवडा. खाली तांबूस-पिवळं दिसलं तर दुरुस्ती शक्य आहे. पांढरट दिसलं तर ॲल्युमिनियम. त्याला साधा डाख धरत नाही, रेडिएटर बदला.

तांब्या-पितळेच्या नळीला डाख लावताना भोकाभोवतीच्या फिन टोकदार पक्कडीने बाजूला करा. रेडिएटर पूर्ण वाळवा, कारण आत थेंबभर पाणी राहिलं तरी वाफ होऊन डाख उडतो. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासा, फ्लक्स (डाख धरायला मदत करणारी पेस्ट) लावा आणि ६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) वापरा. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न इथे कामाचं नाही, पितळ उष्णता ओढून घेतं. निदान ६० वॅटचं घ्या. शेजारच्या सांध्यांवर ओली चिंधी ठेवा. सामान पुण्यात तापकीर गल्लीत मिळतं. गाडीच्या रेडिएटरवाल्याकडे काम दिलंत, तर गॅसची ज्योत लावू नका म्हणून आधीच सांगा. ही नळी कागदासारखी पातळ असते आणि ज्योतीने शेजारचे सांधे सुटतात. एखादी नळी डाखाने बंद झाली तरी चालेल, बाकीच्या नळ्यांतून पाणी फिरतं.

पोर्टचे आटे गेले असतील, तर आधी रेडिएटरला जादा पोर्ट आहे का बघा. असेल तर खराब पोर्टला प्लग लावा आणि दुसरा वापरा. आटे फक्त चेपले असतील, तर जी १/४चा, म्हणजे पाव इंची समांतर बीएसपी टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने हळूहळू फिरवा. पुण्याच्या बोहरी आळीत टॅप मागताना ‘समांतर’ हा शब्द विसरू नका. निमुळत्या आट्याचा टॅप किंवा न्यूमॅटिक (हवेच्या नळ्यांचं) फिटिंग इथे लावलं, तर पोर्ट फाटतो. टेफ्लॉन टेपही नको. पाणी ओ-रिंग (फिटिंगवरची रबरी कडी) अडवते, आटे नाही. टेपचे तुकडे मात्र ब्लॉकच्या (प्रोसेसरवर बसणाऱ्या, पाणी खेळणाऱ्या भागाच्या) बारीक चरांत जाऊन बसतात. फिटिंग हाताने घट्ट करा. पान्याने जोर लावला, तर पोर्टचा तळाचा डाखच तडकतो.

दुरुस्ती झाली की गरम डिस्टिल्ड वॉटर अर्धं भरून रेडिएटर जोरात हलवा आणि ओता. पाणी स्वच्छ येईपर्यंत, निदान पाच-सहा वेळा. फ्लक्स आत राहिला तर तांबं हिरवं पडतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी इथे अजिबात नको, त्यातले क्षार ब्लॉकमध्ये साचतात.

मग पुन्हा ०.५ बार हवा भरून अर्धा तास ठेवा, उन्हात नको, कारण तापमान बदललं की काटा हलतो. काटा स्थिर राहिला तरच लूपमध्ये जोडा. सांध्यांखाली टिश्यू ठेवा आणि मदरबोर्डला वीज न देता फक्त पंप २४ तास चालवा. एकही टिश्यू ओला झाला, तर पुन्हा बादली.