ग्राफिटी वर्कशॉप घेताय? मग या चुका टाळा

बऱ्याच वर्कशॉपमधे काय होतं, मुलं आली की लगेच स्प्रे पेंटचे कॅन वाटायचे, भिंत दाखवायची आणि "चला, करा सुरू" म्हणायचं. अर्ध्या तासात भिंतीवर नुसते ओघळ, दोन-तीन धीट पोरं पुढे आणि बाकीची कडेला मोबाईल बघत. माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या सेशनला कॅनला हातच लावू देऊ नका. कागद, पेन्सिल आणि स्वतःचं टोपणनाव, बास. ग्राफिटी मुळात अक्षरांचीच कला आहे. १९७१ मधे न्यूयॉर्क टाइम्सने ज्याच्यावर बातमी केली तो न्यूयॉर्कचा ग्राफिटीवाला 'टाकी १८३' म्हणजे तरी काय, एका पोराचं टोपणनाव आणि त्याच्या रस्त्याचा नंबर! कागदावर अक्षर बसलं नाही तर भिंतीवर बसणार नाहीच, उलट तिथे चूक दहापट मोठी दिसते.

दुसरी चूक म्हणजे मास्क, आणि इथे मी अजिबात ऐकून घेणार नाही. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क रंगातल्या सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही, नुसता धुळीचा मास्कही नाही. ऑरगॅनिक व्हेपरचं, म्हणजे ही वाफ अडवणारं कार्ट्रिज आणि पार्टिकल फिल्टर असलेला रेस्पिरेटर लागतो, आणि तो मुलांच्या चेहऱ्याला फिट बसला पाहिजे, मोठ्यांच्या साइझचा सैल राहिला तर काय उपयोग. सोबत नायट्राइलचे ग्लोव्हज, गॉगल आणि काम शक्यतो उघड्यावरच. बजेट कमी असेल तर रंग कमी घ्या पण यात काटकसर नको. अगदी लहान मुलं असतील तर सरळ अ‍ॅक्रिलिक पेंट मार्कर द्या.

आता ओघळ, सगळ्यात जास्त रडारड याचीच. ओघळ येतात कारण हात थांबतो, किंवा कॅन फार जवळ असतो. हात आधी हलवायला लागायचा मग नोझल दाबायचं, आणि हात थांबायच्या आधी बोट उचलायचं, एवढं एक जमलं की निम्मा प्रॉब्लेम संपला. बारीक रेषेला कॅन जवळ आणि हात झपाझप, फिल करताना, म्हणजे अक्षराच्या आत रंग भरताना, लांब आणि पातळ थर, एकच जाड थर नको. तरी ओघळ आलाच तर मुलं लगेच बोटाने पुसतात, तिथे खरा घोळ होतो. तसाच वाळू द्या, वरून फिलचा रंग मारा आणि आउटलाइन परत ओढा, कोणाला कळणारसुद्धा नाही.

रंग फुसफुस करत तुटक येतोय? बहुतेक कॅन नीट हलवलेला नसतो. आतली गोळी खडखडायला लागल्यावर पुढे एक-दोन मिनिटं हलवायचा. तरी अडकला तर कॅप, म्हणजे वरचं दाबायचं नोझल, बदलून बघा, सुई खुपसू नका. काम झालं की कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबायचा, म्हणजे नोझल साफ राहतं. थंडीत प्रेशर कमी पडतं म्हणून कोणी कॅन हीटरजवळ ठेवतं, ते तर भयंकर आहे, ५० डिग्रीच्या वर कॅन फुटू शकतो. उन्हात बंद गाडीतही ठेवू नका.

भिंत ओली असेल तर रंग नीट धरत नाही, आधी पूर्ण वाळू द्या. कोरी सिमेंटची असेल तर रंग पिऊन टाकते, आदल्या दिवशी प्रायमर मारून ठेवा. आणि मालकाची परवानगी लेखी घ्या, फोनवर "हो हो करा" म्हटलेलं नंतर कोणाला आठवत नाही.

शेवटचं, डिझाइन मोठ्यांनी ठरवून मुलांना नुसतं भरायला देऊ नका, ते चित्र कितीही सुंदर झालं तरी त्यांचं नसतं. आधीच बॅकग्राउंड एकत्र करून घ्या, मग प्रत्येकाला आपापल्या नावापुरती जागा आखून द्या, आणि जे मागे उभे राहतात त्यांना मधली जागा द्या, कडेची नको.