ऑपरेशननंतर पेशंटजवळ बसणाऱ्याने काय काय बघायचं

ऑपरेशन झालं की नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात, पण पुढचे दोन-तीन दिवस पेशंट किती लवकर उठेल हे बरंचसं दुखणं किती आटोक्यात आहे यावर ठरतं, आणि ते बघायला चोवीस तास तिथे डॉक्टर नसतात, तुम्ही असता.

सुरुवात आदल्या दिवसापासूनच करा. भूलतज्ज्ञ भेटायला येतील तेव्हा गाडी लागते का, मागच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या का हे न विचारता सांगा. आपफेल नावाच्या भूलतज्ज्ञाने 1999 मध्ये हा त्रास वाढवणाऱ्या चार गोष्टी दाखवल्या, पेशंट बाई असणं, सिगरेट न ओढणं, गाडी लागणं किंवा आधी असा त्रास झालेला असणं, आणि नंतर दुखण्यावर मॉर्फिनच्या जातीची जोरदार औषधं लागणं. चारही असतील तर दहातल्या साधारण आठ जणांना मळमळ-उलटी होते. आधी कळलं तर औषध आधीच देता येतं.

बाहेर आणल्यावर पेशंट थरथरतो, घसा दुखतो म्हणतो, तेच तेच विचारतो. हे बहुतेक वेळा भूल उतरतानाचं असतं, घाबरू नका, पण सिस्टरला सांगून ठेवा.

आता दुखण्याबद्दल. "दुखतंय का?" असं विचारलं की आपल्याकडची माणसं, विशेषतः आई-आज्जी, "नाही गं, ठीके" म्हणतात. त्यापेक्षा शून्य ते दहामध्ये किती हे विचारा, आणि पडल्या पडल्या नाही तर कुशीवर वळताना, खोकताना विचारा, कारण पडून राहिल्यावर दोन असलेलं दुखणं खोकताना आठ होतं आणि मग माणूस खोकायचंच टाळतो, कफ साठतो, पुढे न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं. म्हणून "जरा सहन कर" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी 1990 च्या दशकात हेच लावून धरलं, एकाच जोरदार औषधावर न राहता वेगवेगळ्या पद्धतीची औषधं थोडी थोडी वापरा, जमेल तिथे नसेचा ब्लॉक, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणारं इंजेक्शन, द्या आणि पेशंटला लवकर चालवा. त्यामुळे पॅरासिटामॉल, सूज उतरवणारी गोळी असं मिळून लिहून दिलेलं असेल तर ते लिहिलेल्या वेळेलाच द्या, दुखायला लागायची वाट बघू नका. ब्लॉक दिला असेल तर तो उतरायच्या आधी गोळी पोटात जायला हवी, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. तोपर्यंत बधिर भागाला गरम पिशवी लावू नका, भाजलं तरी कळणार नाही.

तीन बॉलचं ते प्लास्टिकचं यंत्र देतात ना, त्यात पुष्कळ लोक फुंकर मारतात, तसं नाही, हवा आत ओढायची, हळूहळू, आणि बॉल वर राहतील तेवढा वेळ धरायची. पोटाचं ऑपरेशन असेल तर खोकताना टाक्यांवर उशी घट्ट दाबून धरा, खूप फरक पडतो. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखला तर ते बहुतेक वेळा पोटात भरलेल्या गॅसमुळे असतं, दोन-तीन दिवसांत जातं.

वयस्कर पेशंट रात्री बरळायला लागला, ओळखेनासा झाला, तर त्याला वेडं ठरवू नका. चष्मा, कानाचं मशीन लगेच परत लावा, किती वाजले, आपण कुठे आहोत ते शांतपणे सांगत राहा, दिवसा उजेडात बसवा, आणि डॉक्टरांना कळवाच कारण त्यामागे इन्फेक्शन, लघवी तुंबणं असं काही असू शकतं.

भुलेच्या पाठीतल्या इंजेक्शननंतर दिवसभर उशी न घेता सपाट झोपवून ठेवायची जुनी पद्धत आहे, पण त्याने डोकेदुखी टळते असं संशोधनात दिसलेलं नाही. बसल्यावर डोकं ठणकतं आणि आडवं झाल्यावर थांबतं असं असेल तर ती वेगळी गोष्ट, त्याला उपाय आहे, लगेच सांगा.

घरी आल्यावर गोळ्यांची पाकिटं एकत्र ठेवून वाचा. क्रोसिन, डोलो ही दोन्ही पॅरासिटामॉलच, सर्दीच्या गोळीतही असतं, मोठ्या माणसाला दिवसात 4 ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि लिव्हरचा त्रास किंवा वजन कमी असेल तर त्याहून कमी. किडनीचा त्रास किंवा अल्सर असेल तर ब्रुफेनसारखी गोळी आपल्या मनाने नको. ट्रामाडॉल, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीचं दुखण्यावरचं औषध, चालू असताना पेशंट नेहमीपेक्षा जास्त गुंगीत आहे, श्वास फार हळू चाललाय, हाक मारून हलवूनही नीट जागा होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करा.