श्रावणातलं पीठ: या चुका टाळा

मे महिन्यात इकडे चोपड्याला पारा ४४ वर चढतो, तेव्हा पिठाची तक्रार घेऊन माझ्या चक्कीवर कोणी येत नाही. श्रावण लागला की रोज एखादा डबा दारात. "भाऊ, उन्हाळ्यात नव्हती, आता कीड कशी?"

उकाड्याने कीड होते, हे आधी डोक्यातून काढा. पिठातला माइट म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा आठपायी जीव. तो पाणी पीत नाही, हवेतली ओल अंगात ओढून जगतो. आर्द्रता ६० टक्क्यांखाली टिकली की वीण बंद, हळूहळू तो सुकतोच. पण ८५ टक्के ओल आणि २५ अंशांची ऊब मिळाली, तर अंड्यातून निघालेली मादी दोन आठवड्यांच्या आत स्वतः अंडी घालते. आपला श्रावण दुसरं काय असतो?

सगळ्यात मोठी चूक, गरम दळण झाकणं. एका वहिनींनी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, १० किलो पीठ माझ्यासमोर स्टीलच्या डब्यात दाबून भरलं. म्हटलं, तासभर पसरा. म्हणे एस.टी. चुकेल. वाफ झाकणाला धरली, थेंब कडेने उतरले, ओल्या पट्ट्यावर बुरशी आली. माइटला बुरशी म्हणजे मेजवानी. वीस दिवसांनी डबा परत: "भाऊ, पीठ हालस!" खरंच हलत होतं. वर तपकिरी धुळीचा थर, वास उग्र. म्हशीलाही घालू नका, म्हटलं. चक्कीचा दोष काढून झालाच होता तोवर.

मी हाताची पालथी बाजू पिठाला लावतो. गार लागलं तरच झाकण. पावसाळ्यात १५ दिवसांपुरतंच दळा. ज्वारी-उडीद दाताखाली कटकन वाजले नाहीत, तर मी दळण परत पाठवतो. लोक रागावतात, रागावू देत.

फ्रिजवाल्यांना एवढंच: थंडीत वीण मंदावते, जीव जात नाही. वर गार डबा बाहेर काढून लगेच उघडलात, तर पिठावर दव धरतं.

कडुनिंबाचा ओला पाला टाकणं म्हणजे हाताने ओल घालणं. जुन्या पिठावर नवं ओतू नका. चाळून पोरकिडे निघतात, माइट भोकातून खाली पडतो. भाकरी भाजल्यावर तो मरतो, पण ॲलर्जी उठवणारा अंश उरतो. घरात दमेकरी असेल तर असलं पीठ फेकाच.

शंका आली तर ताटात थोडं पीठ घेऊन चमच्याने गुळगुळीत करा आणि अर्धा तास हात लावू नका. पृष्ठभाग खडबडीत झाला, की समजा. वहिनींच्या पिठाला पाच मिनिटंही लागली नव्हती.