शाईचित्रात मलय बातिकची रेघ

मलेशियातल्या केलांतान, तेरेंगानूच्या हाती काढलेल्या बातिकमध्ये (मेणाने रंग अडवून कापड रंगवण्याची कला) मेणाची रेघ म्हणजे रंगाचा बांध. ‘चांटिंग’ या तांब्याच्या तोटीच्या लेखणीने पानाफुलांच्या कडा ओढतात, मग आतल्या मोकळ्या जागेत ब्रशने रंग सोडतात. हेच शाईसाठी कागदावर करता येतं.

300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा कागद घ्या. पॅराफिन (मेणबत्तीचं मेण) आणि मधमाशीचं मेण समप्रमाणात वितळवा (नुसतं पॅराफिन तडकतं आणि शाई भेगांत शिरते). मेण थेट आचेवर ठेवू नका. चांटिंगने ओढलेली रेघ काचेसारखी दिसली तर मेण कागदात मुरलं. पांढरट, उठावदार दिसली तर मेण पुरेसं गरम नव्हतं आणि शाई रेघेखालून पाझरणार. फार तापलेलं मेण मात्र पसरतं.

प्रत्येक पाकळीची रेघ पूर्ण बंद करा. शाई बाहेर पडायला सुईएवढी फटही पुरते.

आता खरी मजा: पाकळी आधी स्वच्छ पाण्याने ओली करा आणि देठाकडे गडद शाईचा एकच थेंब सोडा. मलय बातिकमधली गडद-फिकी छटा अशीच, पाण्यावर येते. ब्रशने घोटलंत तर ती मरते.

शाई पूर्ण वाळल्यावर वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदांमध्ये ठेवून इस्त्रीने मेण काढा. थोडा तेलकट डाग राहतोच, म्हणून नंतर त्यावर शाई लावायचा बेत ठेवू नका.